थिएटरचा पूर्वानुभव : चोवीस वर्षे

आमच्या कॉलेजच्या नाट्यविभागात प्रवेश घ्यायचा तर अर्जात एक रकाना भरावा लागायचा : 'थिएटरचा पूर्वानुभव'. मी तिथे 'शाळेच्या नाटकात पोलीस, एक वाक्य' असं लिहिलं होतं. ते एक वाक्यही मी ऐन वेळी विसरलो होतो, हे लिहिलं नव्हतं. माझ्या आधी मुलाखतीला ज्या बाई आत गेल्या त्यांनी त्याच रकान्यात लिहिलं होतं, 'चोवीस वर्षे'.

बाई सत्तेचाळीसच्या आसपासच्या. उंच, ताठ, आणि केस इतके घट्ट बांधलेले की भुवया आपोआप वर गेलेल्या. दार अर्धवट उघडं होतं, आणि दुसऱ्याची मुलाखत कानावर पडू नये म्हणून दूर जाऊन उभं राहण्याइतका मी सभ्य नव्हतो.

"चोवीस वर्षं!" विभागप्रमुख, म्हणजे आमचे सर, खुर्चीत सरसावून बसले. "कोणाकोणाबरोबर काम केलंत?"

"मोठमोठ्या लोकांबरोबर केलं. पण जास्त करून पोटाच्या."

"पोटासाठी करणाऱ्या. म्हणजे व्यावसायिक," सरांनी शेजारच्या मॅडमना समजावलं. "आणि तुमचं काम नेमकं काय असायचं?"

"समोरच्यानं हात पुढे केला की त्या हातात पाहिजे ती वस्तू द्यायची. हात पुढे व्हायच्या आधी दिली तर उत्तम."

"वा! सहकलाकाराची गरज ओळखणं! शेवटचं काम कोणतं केलंत?"

"अपेंडिक्स."

सरांनी डोळे मिटून मान डोलावली. "नाव ऐकलंय. प्रायोगिक ना?"

"नाही हो सर, नेहमीचंच. अर्ध्या तासात आटपलं."

"एकांकिका," सर म्हणाले आणि त्यांनी अर्जावर सही केली.

बाई सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या, हे सरांना कळलं तोवर प्रवेशाची यादी फळ्यावर लागून दोन दिवस झाले होते. हे तुम्ही मुद्दाम केलंत का, असं मी त्यांना पुढे एकदा विचारलं. "आम्ही सगळे थिएटरच म्हणतो त्याला. 'आज थिएटरला कोण आहे, थिएटर रिकामं आहे का.' माझी काय चूक?" असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण ओठांचा डावा कोपरा जरासा हलला.

सगळे त्यांना सिस्टरच म्हणायला लागले. आमच्यापेक्षा वयानं दुपटीहून मोठ्या, सरांपेक्षाही तीन वर्षांनी मोठ्या. आम्ही त्यांना अहो-जाहो करायचो, सर करायचे, कँटीनवालाही करायचा. एकटी त्यांची मुलगी करायची नाही, पण तिचा प्रश्न वेगळाच होता. ती आमच्याच कॉलेजात, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होती. आई त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला आली म्हटल्यावर तिनं घरी दोन दिवस तोंड फुगवलं आणि मग अट घातली.

"कॉलेजात मला ओळख दाखवायची नाही. हाक मारायची नाही. डबा खायला माझ्या शेजारी बसायचं नाही."

"आणि तुझा डबा घरी राहिला तर?" सिस्टरनी विचारलं.

"उपाशी राहीन."

तिचे वडील शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारलं, "दोघींना एकच बस पकडायची असते. तिथे ओळख चालेल का?" मुलीनं विचार करून बसच्या मागच्या दारापर्यंत ओळख मंजूर केली.

पहिल्या दिवशी आम्हा अठरा जणांना चार पानी छापील कागद मिळाला. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं : 'विद्यार्थ्यांकडून अपेक्षा व विद्यार्थ्यांच्या जबाबदाऱ्या'. एकूण एकतीस कलमं होती. तालमीला वेळेवर या, संवाद पाठ करा, पडद्यामागचं काम कमी लेखू नका, सोपवलेल्या वस्तूबद्दल खरं सांगा, असं बरंच काही. आमचा विभाग तळघरात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या बरोबर खाली, आणि पंखा बंद. त्यामुळे आम्ही सतरा जणांनी शेवटच्या पानावर सह्या ठोकल्या आणि त्या कागदांनी वारा घ्यायला सुरुवात केली. अठरावी सही व्हायला पाऊण तास लागला.

सिस्टरनी चष्मा लावला, पेन्सिल काढली आणि पेशंटची केस वाचावी तसा कागद वाचला. मग हात वर केला.

"सर, कलम चार. 'तालीम सुरू झाल्यावर दार बंद होईल. उशिरा येणाऱ्यास प्रवेश नाही.' दार कोण बंद करणार?"

"त्यामागची भावना लक्षात घ्या," सर म्हणाले. सरांच्या गळ्यात बारा महिने मफलर असायचा, आणि अडचणीचा प्रश्न आला की ते तो दुसऱ्या खांद्यावर टाकायचे.

"भावना लक्षात आली. कडी कोण लावणार?"

"रंगमंच व्यवस्थापक लावेल. त्याला नेमू नंतर."

"बरं. कलम सतरा. 'पदवी मिळण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्यास किमान एक बोलती भूमिका मिळेल.' प्रत्येक म्हणजे?"

"प्रत्येक म्हणजे प्रत्येक!"

सिस्टरनी सतराच्या पुढे बरोबरची खूण केली, सही केली, आणि कागद सरांपुढे सरकवला. "खाली तुमच्याही सहीची रेघ आहे, सर."

अकरा वर्षांत त्या रेघेवर कोणी सही केली नव्हती. सरांनी मफलर खांद्यावर टाकला आणि केली. करायला नको होती.

पहिल्या नाटकाची कामं वाटताना सगळ्यांना राजा व्हायचं होतं, निदान सेनापती तरी. व्यवस्थापक व्हायला कोणी तयार नव्हतं. सिस्टरनाही अभिनयच करायचा होता, पण अभिनयाच्या वर्गात त्यांचं काही जमेना. एकदा सरांनी सांगितलं, जवळचं माणूस गेल्याची बातमी आत्ता कळलीय, दुःख दाखवा. एकीनं भिंतीवर डोकं आपटलं. मी खाली लोळलो. सिस्टरनी आधी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"हे काय?" सर ओरडले.

"वेळ नोंदवायची असते," सिस्टर म्हणाल्या.

तर सिस्टर व्यवस्थापक झाल्या. सरांच्या तोंडची 'तीनची तालीम' म्हणजे प्रत्यक्षात पावणेचार, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. त्या दिवशी ठोक्याला तीन वाजता सिस्टरनी आतून कडी लावली. आत दोघंच होतो, त्या आणि मी. मी काही वक्तशीर नव्हतो. जेवण जड झालं म्हणून दोनपासून तिथल्या सोफ्यावर झोपलो होतो. तो सोफा विभागाच्या प्रत्येक नाटकात होता. श्रीमंताच्या घरी सरळ, गरिबाच्या घरी उलटा, आणि कोर्टाच्या दृश्यात चादर घालून.

"उठ रे," सिस्टर म्हणाल्या. "तालीम सुरू झाली."

"पण कोणीच नाहीये."

"कलम सहा. गैरहजर माणसाचे संवाद व्यवस्थापक वाचेल."

मग त्यांनी राजा वाचला, राणी वाचली, सेनापती वाचला, आणि मी माझा दुसरा द्वारपाल. सगळं एकाच आवाजात, ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवावा तसं. बाहेर हळूहळू सोळा जण जमले आणि दार ठोठावू लागले. राजाचं काम करणारा मुलगा, त्याला आम्ही नायक म्हणायचो कारण तो स्वतःला तेच समजायचा, दाराच्या फटीतून गयावया करत होता. तीन पन्नासला सर आले.

"उघडा. मी आहे."

"तालीम चालू आहे, सर," सिस्टर आतून म्हणाल्या.

"तालीम मी घेतो!"

"हो सर. तुम्ही नव्हतात म्हणून आम्हीच घेतली."

बाहेर कोणीतरी फिस्सकन हसलं. तो नायक होता, हे सरांनी त्याला ज्या शब्दांत झापलं त्यावरून कळलं.

"हा विभाग माझा आहे, बाई! दार उघडा!"

सिस्टरनी पिशवीतून चौथं पान काढलं आणि दाराखालून बाहेर सरकवलं. सरांची सही असलेलं. मग पावलं जिना चढून गेली.

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला सगळे हजर होते. सर दोन चाळीसलाच येऊन बसले होते आणि भिंतीकडे बघत होते. तालमी वेळेवर व्हायला लागल्या, नाटक वेळेवर बसलं, प्रयोग चांगला झाला आणि प्राचार्यांनी सरांची पाठ थोपटली. यातलं काहीही सरांनी सिस्टरना माफ केलं नाही. त्यांनी सूड उगवला तोही सभ्यपणे. सगळ्यांसमोर म्हणाले, "सिस्टर म्हणजे विभागाचा कणा. यापुढे प्रत्येक नाटकाचं व्यवस्थापन त्यांच्याकडेच." टाळ्या झाल्या. सिस्टरच्या वाट्याला दीड वर्षात एक वाक्य आलं नाही.

त्यांनी मात्र तळघराचं रूप पालटून टाकलं. रंगमंचावर लागणाऱ्या वस्तूंसाठी एक लांब टेबल, त्यावर खाकी कागद, आणि कागदावर प्रत्येक वस्तूच्या आकाराची रेघ मारलेली : पेला, पत्र, चष्मा, कट्यार. वस्तू उचलली की रिकामी रेघ दिसायची, परत ठेवली की बुजायची. प्रयोगाआधी मोजणी, प्रयोगानंतर मोजणी. आम्ही पाठीमागे भरपूर टिंगल केली. मी तर एकदा कट्यारीच्या रेघेत काकडी ठेवली होती. सिस्टरनी मोजणीत ती धरली नाही आणि मधल्या सुट्टीत खाऊन टाकली.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मोठं नाटक होतं. मला कपडेपटाचं काम मिळालं, म्हणजे नाटकातल्या कपड्यांची सगळी उस्तवार. शिवणकाम मला येत नव्हतं. सिस्टरनी शिकवलं, पण स्वतः सुईला हात लावला नाही.

"तुम्हीच करा ना," मी म्हणालो. "तुमचा हात बसलेला असेल."

त्यांनी उजवा हात खिशातून बाहेर काढून माझ्यापुढे धरला. बोटं बारीक थरथरत होती, झाकणाखाली पाणी उकळत असावं तशी.

"तीन वर्षं झाली. एक दिवस कात्री देताना डॉक्टरांच्या लक्षात आलं. ते काही बोलले नाहीत. मीच दुसऱ्या दिवशी नोकरी सोडायचा अर्ज दिला." हात पुन्हा खिशात गेला. "कोणाला सांगू नकोस."

"घरी माहीत आहे?"

"नवऱ्याला आहे. तो चहा अर्धाच कप भरतो."

मग त्यांनी मला पत्र्याच्या डबीतून सात सुया मोजून दिल्या आणि नायकाची भरजरी विजार माझ्या अंगावर टाकली. तिची मागची शिवण उसवली होती.

प्रयोग दुपारी चारचा होता. प्राचार्य पहिल्या रांगेत, शेजारी प्रमुख पाहुणे, मागे पालक. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. विंगेत सिस्टर डबी घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"किती घेतल्या होत्यास?"

"सात."

"किती परत दिल्यास?"

"सात," मी म्हणालो. बघितलं नव्हतं. घाईत सगळ्या डबीत कोंबल्या होत्या. पण अशा वेळी आकडा छातीठोकपणे सांगितला की माणसं सोडून देतात, हा माझा आजवरचा अनुभव.

"सहा आहेत."

"असेल कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे कुठे?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी नायकाकडे पाहिलं. तो मुकुट सावरत सिंहासनाकडे निघाला होता. पडदा उघडताच धाडकन सिंहासनावर बसणं हे त्याच्या भूमिकेतलं सर्वांत अवघड काम होतं आणि त्यानं ते महिनाभर घोटलं होतं.

"थांब," सिस्टर म्हणाल्या. "बसू नकोस. विजारीत सुई असू शकते."

नायक जागच्या जागी खिळला. त्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तो सरांना वर्षभर तालमी घेऊन काढता आला नव्हता.

सर धावत आले. "तिसरी घंटा का होत नाही?"

"एक सुई कमी आहे, सर. सापडली की देते."

"एका सुईसाठी? बाहेर प्राचार्य बसलेत! दोनशे माणसं बसलीत!"

"बसू देत. त्यांच्या खुर्च्या तपासलेल्या आहेत."

नायकाला विजार उतरवायला लावली. चौघं जण उकिडवे बसून ती इंच इंच चाचपू लागले. राजा मुकुट, अंगरखा आणि निळी चड्डी अशा अवतारात सिंहासनाच्या आडोशाला उभा. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाहेर टाळ्या वाजायला लागल्या, त्या कौतुकाच्या नव्हत्या. सरांचा मफलर या खांद्यावरून त्या खांद्यावर जाऊन जाऊन शेवटी खाली पडला.

"तुमचीच मोजणी चुकली असेल!" सर खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "मी बघतो ना, तुमचे हात कसे कापतात ते. अशा हातांनी काय मोजणार तुम्ही?"

सिस्टरनी खिशातला हात तसाच आत ठेवला.

"पोटात काही राहून गेलं ना सर," त्या म्हणाल्या, "तर तो माणूस घरी जातो आणि महिनोन्‌महिने त्याला कळत नाही काय दुखतंय. हात कापतो म्हणून मी तिथून निघाले. मोजायला आकडे लागतात. सहा आहेत."

इथे मी पुढे होऊन काहीतरी बाणेदार बोललो असतो तर गोष्ट ऐकायला बरी वाटली असती. बोलायला तोंड उघडलंही होतं. पण त्याच वेळी मान खाली घालावी असं वाटलं, मान खाली घातली, आणि कॉलरपाशी असा काही डंख बसला की मी "आई गं!" म्हणून किंचाळलो. बाहेरच्या टाळ्या थांबल्या.

सुई माझ्या कॉलरला होती. शिवताना दोरा तोडायचा म्हणून मीच अडकवलेली. तिला वीतभर लाल दोरा लोंबत होता आणि तो सकाळपासून निम्म्या विभागानं पाहिला होता. मी काहीतरी नवीन फॅशन करतोय, असं त्यांना वाटलं.

सिस्टरनी ती माझ्या कॉलरमधून काढली, डबीत टाकली, "सात" म्हणाल्या आणि तिसरी घंटा दिली. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या दिवशी मी प्रत्येक प्रवेशाला नायकाचे कपडे बदलत होतो आणि त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. नाटक संपल्यावर टेबलापाशी गेलो.

"सिस्टर, मी सात म्हणालो तेव्हा मोजल्या नव्हत्या."

"माहीत आहे."

"कसं?"

"ज्यानं मोजलेलं असतं तो इतक्या पटकन सांगत नाही." मग त्यांनी पेला त्याच्या रेघेत ठेवला. "मान दाखव. सुई गंजलेली होती."

दुसऱ्या दिवशी सरांनी सभा घेतली. प्रयोग बावीस मिनिटं उशिरा सुरू झाला म्हणून प्राचार्यांनी त्यांची चांगलीच हजेरी घेतली होती. सर नियमांवर बोलले. नियम तारतम्यानं पाळायचे असतात, वगैरे. झाल्या प्रकाराचं खापर सिस्टरवर फुटणार हे दिसत होतं. मी उभा राहिलो.

"सर, उशीर माझ्यामुळे झाला. मी खोटा आकडा सांगितला. सिस्टरनी खोटं ऐकलं नाही, एवढंच."

"असं?" सर म्हणाले. "मग पुढच्या नाटकातलं तुझं काम काढून घेतो. तू व्यवस्थापन कर."

पुढच्या नाटकात मला घरमालकाची भूमिका मिळाली होती. अकरा वाक्यं. आईला, मावशीला, चुलत बहिणीलाही सांगून झालं होतं.

"आणि घरमालक कोण करणार?" मॅडमनी विचारलं.

सिस्टरचा हात वर होता. "कलम सतरा, सर."

कागद बाहेर काढला नव्हता, पण तो त्यांच्या पिशवीत आहे हे सर्वांना माहीत होतं. सरांनाही. घरमालकाची घरमालकीण झाली.

सिस्टरनी त्या अकरा वाक्यांवर चार महिने मेहनत घेतली, आणि हे प्रेमानं सांगतो, तरीही त्यांना ती आली नाहीत. उभ्या राहायच्या त्या सलाईनच्या स्टँडसारख्या. 'भाडं द्या नाहीतर घर सोडा' हे वाक्य असं म्हणायच्या जणू समोरच्याला उपाशीपोटी रक्त तपासायला सांगतायत. सरांनी हातवारे शिकवले, मॅडमनी आवाज शिकवला, नायकानंही मोठ्या मनानं रडायला शिकवलं, जरी भूमिकेत रडणं नव्हतं. घरी नवरा भाडेकरू व्हायचा. तो बिचारा प्रत्येक वेळी घर सोडायला तयार व्हायचा.

घरमालकिणीच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. पहिल्याच तालमीत तो वाजायला लागला. खिशात हात ठेवून किल्ल्या धरता येत नाहीत.

"जुडगा काढून टाकू या," सर म्हणाले. एवढं मात्र ते हळू आवाजात, त्यांना बाजूला घेऊन म्हणाले.

"राहू दे," सिस्टर म्हणाल्या.

प्रयोगाच्या दिवशी मी विंगेत, त्यांच्याच जागेवर, हातात संहिता. पहिल्या प्रवेशाला किल्ल्या किणकिणल्या आणि त्या आत गेल्या. दुसऱ्या वेळी किणकिण आधी ऐकू आली आणि भाडेकरू झालेला नायक खरोखर दचकला. प्रेक्षक हसले. तिसऱ्या वेळी विंगेतून नुसत्या किल्ल्या वाजल्या आणि सगळं सभागृह हसायला लागलं, त्या आत यायच्या आधीच. ही आपली ध्वनियोजना होती, असं सरांनी नंतर प्रमुख पाहुण्यांना सांगितलं.

आठव्या वाक्याला सिस्टर अडकल्या. समोर बघत उभ्या. मी विंगेतून वाक्य पुटपुटलो. काही नाही. पुन्हा पुटपुटलो. त्या वळल्या आणि खणखणीत आवाजात मला म्हणाल्या, "ऐकू येत नाहीये. मोठ्यानं सांग."

सभागृह फुटलं. मी मोठ्यानं सांगितलं. "हां," म्हणाल्या, पुन्हा नायकाकडे वळल्या आणि वाक्य जसंच्या तसं म्हटलं. टाळ्या पडल्या. सरांनी डोकं गच्च धरलं.

नाटक संपल्यावर रंगपटात त्या आरशासमोर बसल्या होत्या. चेहरा लालबुंद, घट्ट बांधलेले केस सुटलेले. नवरा दारात उभा होता, सोबत हॉस्पिटलातल्या पाच सिस्टर. मग मुलगी आली. एकटी नाही, एम.कॉम.च्या चार मैत्रिणींना घेऊन.

"ही माझी आई," तिनं मैत्रिणींना सांगितलं. मग आईकडे वळली. "आई, तू फार वाईट काम केलंस."

"हो ना?" सिस्टर हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "अगं, पण काय मजा आली! चोवीस वर्षं तोंडाला मास्क लावून काम केलं. ज्याच्यासाठी करायचं तो टेबलावर झोपलेला. एकानं माझं तोंड पाहिलं नाही. आज दोनशे माणसं टक्क जागी, आणि सगळी माझ्याकडे बघतायत! वाक्य कुठलं आठवतंय?"

मुलीनं कापूस घेतला आणि आईच्या तोंडावरचा रंग पुसायला लागली. "हलू नकोस," ती म्हणाली.

त्याला आता अकरा वर्षं झाली. नायक विमा विकतो आणि उत्तम विकतो. सरांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. मला अभिनय सोडून द्यावा लागला, म्हणजे अभिनयानंच मला सोडलं. एका फिरत्या नाटक कंपनीत मी व्यवस्थापक आहे. माणसं माझ्यावर वैतागतात आणि मला त्याचं बरं वाटतं.

सिस्टर साठीच्या झाल्या आणि अजून भूमिका मागत फिरतात. मागच्या महिन्यात आमच्या कंपनीनं नव्या नाटकासाठी चाचणी ठेवली होती. टेबलामागे दिग्दर्शक आणि मी. एक्केचाळिसावा नंबर पुकारला आणि सिस्टर आत आल्या. माझी ओळख असल्याचं त्यांनी चेहऱ्यावर अजिबात दाखवलं नाही. आयुष्यातला त्यांचा सर्वांत चांगला अभिनय तोच म्हणायला हवा. मग त्यांनी दिलेला उतारा वाचला. दिग्दर्शकानं माझ्याकडे बघितलं, मी टेबलाकडे बघितलं.

नंतर मी त्यांच्यामागोमाग बाहेर गेलो.

"खरं सांग," त्या म्हणाल्या. "कसं झालं?"

"वाईट."

"किती?"

"कॉलेजपेक्षा बरं."

"म्हणजे सुधारणा आहे." त्या मनापासून खूश झाल्या. "मंगळवारी रेडिओला आहे एक. आजीचं काम. उभं राहायचं नाही, चालायचं नाही, नुसतं बोलायचं. सहा वाक्यं आहेत. थांब, तुला म्हणून दाखवते. नको, बस चुकेल."

आणि त्या निघाल्या. हात कठड्यावर, एकेक पायरी सांभाळत. उतरता उतरता आजीची वाक्यं पाठ करत होत्या. खालच्या मजल्यावर कोणीतरी "काय म्हणालात?" असं विचारलेलं मला ऐकू आलं. सिस्टर थांबल्या असाव्यात, कारण ते वाक्य त्यांनी पुन्हा पहिल्यापासून, जिना घुमेल इतक्या मोठ्यानं म्हटलं.